पाठीचं कातडं

रविवार, रात्रीचे पावणेबारा झालेत. बाहेर पाऊस धो धो कोसळतोय आणि माझ्या बोटांना अजून चामडं चिकटवायच्या सोल्यूशनचा वास येतोय, दोनदा साबण लावून झाला तरी. गेले तीन आठवडे ऑफिसातनं आल्यावर तासभर आणि शनिवार-रविवार बसवेल तेवढं, असं करत करत चामड्याचं एक पाकीट शिवलं, ते आज संपलं, आणि संध्याकाळी जे झालं ते आत्ताच लिहून ठेवायचंय, कारण उद्या सकाळी लोकलच्या गर्दीत त्यातलं अर्धं निसटून जाईल.

पॅटर्न मी ऑनलाइन विकत घेतला होता. साधंच पाकीट, मधे एक घडी, नोटांचा एक लांब कप्पा आणि आत दोन्ही बाजूंना तीन तीन कार्डांचे कप्पे. पीडीएफ स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट करून आणली, जाड पुठ्ठ्यावर चिकटवली, कापली, आणि थेट चामड्याला हात घालायला भीती वाटली म्हणून आधी घरात पडलेल्या रेक्झिनवर करून बघितलं. कार्ड आत जाईना. काही केल्या जाईना. कार्डाचं माप तर जगभर एकच, ८५.६ बाय ५३.९८ मिमी, मग गडबड कुठे झाली ते कळायला अख्खी रात्र गेली. पॅटर्नच्या कोपऱ्यात ५० मिमीची एक रेघ छापलेली असते, प्रिंट आल्यावर पहिल्यांदा ती पट्टीने मोजायची असते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मोजली तर ४८.५ भरली. पॅटर्न अमेरिकन लेटर साइजच्या कागदासाठी बनवलेला, तो आपल्या ए-फोरपेक्षा रुंदीला सहा मिमी मोठा, आणि प्रिंट देताना 'फिट टू पेज' तसंच राहिलं की सगळं तीन टक्क्यांनी आकसतं. तीन टक्के ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण ९५ मिमीचा कप्पा ९२ चा होतो, दोन्ही बाजूंचे तीन तीन मिमी शिलाईत जातात, उरतात ८६, आणि त्यात तुम्ही ८५.६ चं कार्ड घालायला बघताय. परत जाऊन 'ॲक्च्युअल साइज'वर प्रिंट काढली.

मग पुढच्या शनिवारी धारावी. सायनला पश्चिमेला उतरून चालत गेले, संत रोहिदास मार्गावर चामड्याची दुकानं आहेत ओळीने, काचेत तयार बॅगा आणि जॅकेटं टांगलेली, आणि आतल्या गल्ल्यांत नुसतं कातडं विकणारे, गुंडाळ्याच्या गुंडाळ्या छतापर्यंत रचलेल्या. या रस्त्याला मी आयुष्यात पहिल्यांदा गेले. मुलुंडमध्ये वाढले, सायनला शंभर वेळा उतरले असेन, आणि ही जागा तिथून चालत जाण्याइतकी जवळ. हे लिहिताना वाईट वाटतंय, पण खरं आहे ते लिहायचं.

दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, क्रोम हवं की व्हेज? दोन्हींत फरक असा की क्रोमचं कातडं क्रोमियमच्या क्षारांत एक-दोन दिवसांत तयार होतं, मऊ असतं, रंग हवा तो मिळतो, पण त्याची कापलेली धार घासून चकचकीत करता येत नाही, तिला रंगच लावावा लागतो. व्हेज म्हणजे झाडाच्या सालीत मुरवलेलं, त्याला आठवडेच्या आठवडे लागतात, पण त्याची धार घासली की काचेसारखी होते आणि वापरून वापरून रंग गडद होत जातो. आपली कोल्हापुरी चप्पल याच पद्धतीची, बाभळीची साल आणि हिरडा, तिला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते सगळ्यांना माहीत आहे, पण हिरड्याचं कुणी बोलत नाही. मी व्हेज मागितलं. त्याने म्हशीचं दिलं, म्हणाला २०१५ ला राज्यात बैल कापायला बंदी आल्यापासून इकडचं सगळं काम म्हशीवर आणि बकरीवरच आलंय, बाकीचा माल चेन्नई, कानपूर, कलकत्त्याहून येतो. कातडं फुटावर विकतात, म्हणजे चौरस फुटावर, आणि कटपीस किलोवर. मी बाहेरच्या भागासाठी १.२ मिमीचा तुकडा घेतला आणि आतल्या कप्प्यांसाठी ०.८ चा. बाहेरचा तुकडा मला दिसायला आवडला, एकसारखा, मऊसर, डाग नाही. घेऊन आले.

आता बाबांचं.

आमचे आजोबा, त्यांना सगळे तात्या म्हणायचे, सातारा जिल्ह्यातनं मुंबईत आले आणि धारावीत एका गाळ्यात बॅगा शिवायला लागले. बाबा शाळेतनं आले की तिथेच बसायचे, दोऱ्याला मेण लावायचं, कडा रापीने छिलायच्या, असली कामं. हे मला बाबांनी कधीच सांगितलं नाही, आत्याकडनं कळलं. शाळेत मुलं त्यांच्या बाकावर बसायची नाहीत, वास येतो म्हणायची, हेही आत्यानेच सांगितलं. बाबा शिकले, बेस्टमध्ये कंडक्टर लागले, बदली मागून मुलुंड डेपो घेतला, आणि तो विषय बंद झाला. घरात रोहिदास महाराजांचा फोटो आहे, माघी पौर्णिमेला जयंतीला आम्ही सगळे जातो, पण हत्यार म्हणून घरात एक आरीसुद्धा नव्हती. फक्त एक आठवण आहे मला, मी सात-आठ वर्षांची असेन, कंडक्टरची ती चामड्याची पैशांची बॅग, तिचा पट्टा उसवला होता, आणि रात्री सगळे झोपल्यावर बाबा मोरीच्या लाइटखाली बसून तो शिवत होते, दोन्ही हातांत एक एक सुई. मी पाणी प्यायला उठले तर म्हणाले, झोप जा.

म्हणून मी हे सगळं घेऊन बसले तेव्हा पोटात गोळा होताच. हौस म्हणून, पैसे देऊन पॅटर्न घेऊन, इंग्लिशमध्ये बोलणारा माणूस व्हिडिओत दाखवतोय त्याचं बघून मी ते शिकतेय जे बाबांनी जन्माला पुरेल एवढं करून मुद्दाम मागे टाकलंय. त्यांना हे टोचेल का, मला विचारायचं धाडस झालं नाही. बाबा पहिला आठवडाभर टीव्हीसमोरून हलले नाहीत. आईने फक्त स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ते ठेवू नकोस म्हटलं, तेही हळू आवाजात.

धारावीहून आल्यावर तिसऱ्या दिवशी मी बाहेरचा तुकडा कापायला घेतला, पॅटर्न वर ठेवून आरीने खुणा केल्या, आणि बाबा पाणी प्यायला म्हणून आले, थांबले, तुकडा उचलला. अंगठा आणि दोन बोटांत धरून दुमडला, वरच्या बाजूला सुरकुत्या पडल्या त्या बघितल्या, मग दोन्ही हातांनी हलकेच ओढला. "पोटाचं दिलंय तुला," एवढंच म्हणाले आणि परत जाऊन बसले.

मला कळलंच नाही आधी. मग शोधलं, वाचलं. जनावराच्या पोटाकडचं कातडं सैल असतं, तंतू विरळ असतात, ते ताणतं. पाठीकडचं घट्ट असतं, आकार धरून राहतं. पाकिटाला बाहेरून पोटाचं लावलं तर सहा महिन्यांत कार्डांच्या जागी फुगवटे येतात. बघायला दोन्ही सारखीच, उलट पोटाचं जास्त मऊ म्हणून हाताला बरं वाटतं, मला तसंच वाटलं होतं. पुढच्या शनिवारी परत धारावीला गेले आणि पाठीचं मागितलं, दुमडून बघितलं, सुरकुती अगदी बारीक पडली. दुकानदाराने मान वर करून बघितलं माझ्याकडे. तो तुकडा रात्री मी मुद्दाम हॉलमध्ये सेंटर टेबलवर ठेवला. बाबांनी उचलला, नाकाशी नेला, आणि म्हणाले, "कमावलंय नीट."

कमावलंय. कच्चं कातडं मुरवून तयार करतात त्याला टॅनिंग टॅनिंग करत व्हिडिओ बघत होते मी, आणि आपल्याकडे कातडं 'कमावतात' हा शब्द मी पुस्तकात वाचलेला, घरात पहिल्यांदा ऐकला. किती वेळ डोक्यात राहिला तो.

शिलाईला सगळ्यात जास्त दिवस गेले. चिझलने, म्हणजे दातेरी छिन्नीने, ४ मिमीच्या अंतरावर भोकं पाडून घ्यायची, खाली जाड रबर, वरून मोगरी, नाहीतर खालच्या मजल्यावरचे लोक वर येतात. मग शिलाईच्या चौपट लांबीचा दोरा, दोन टोकांना दोन सुया, प्रत्येक भोकातून दोन्ही सुया जातात, एक इकडून एक तिकडून. मशीनच्या शिलाईत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत नुसता अडकलेला असतो, एक तुटला की पुढचे टाके सुटत जातात. यात दोन्ही दोरे सगळ्या भोकांतून आरपार गेलेले, एक तुटला तरी दुसरा जागेवर असतो. बाबांची बॅग आठवली, तो पट्टा पुढे रिटायर होईपर्यंत परत उसवला नव्हता.

धारेसाठी व्हिडिओवाला एक बाटली वापरतो, गम ट्रॅगाकांथ, परदेशातनं मागवायची तर पाकिटापेक्षा महाग. नंतर लक्षात आलं की हा तर आपला गोंद कतीरा, उन्हाळ्यात सरबतात घालतात तो, किराणावाल्याकडे मिळतो. रात्रभर पाण्यात भिजवला, सकाळी फुगून जेलीसारखा झाला. धार आधी ४०० च्या पॉलिश पेपरने घासली, बोटाने कतीरा लावला आणि लाकडाच्या दांडीने घासत राहिले. दहा मिनिटं काहीच होत नाही, मग अचानक हाताखाली घर्षण कमी झाल्यासारखं वाटतं, आणि चार थरांची ती धार एक होते. हे किती छान वाटतं ते नीट सांगता येत नाही. मी तीच धार चार वेळा घासली, गरज नसताना. पावसाळ्यात मात्र सगळं हळू सुकतं, सोल्यूशनसुद्धा, आणि उरलेल्या तुकड्यांवर आठवड्यात पांढरी बुरशी धरायला लागली, पुसून पंख्याखाली पसरून ठेवलेत.

आज संध्याकाळी शेवटचा टाका घातला, दोन टाके मागे घेतले, दोरा कापून लायटरने टोक वितळवलं. घडी घातली तर घडी बसेना नीट, आतला भाग चुरगळायला लागला, माझा चेहरा पडला असणार. बाबा म्हणाले, "आण बघू." पहिल्यांदा स्वतःहून. पाकीट उघडलं, बंद केलं, परत उघडलं. म्हणाले, "बाहेरचं पान आतल्यापेक्षा थोडं लांब घ्यायचं. वळणावर ते बाहेरून जातं ना, त्याला जागा जास्त लागते. दोन्ही सारखी कापलीस तू." पॅटर्नमध्ये बाहेरचा तुकडा ५ मिमी लांब होता, मला वाटलं प्रिंटची चूक आहे आणि मी तो छाटून आतल्याएवढा केला होता. मग त्यांनी शिलाईवरून अंगठ्याचं नख फिरवत नेलं, अगदी सावकाश, आणि एका जागी थांबले. "इथे उलटा पडलाय एक." बघितलं तर खरंच, सगळे टाके एका बाजूला कलते आणि तो एकच सरळ, मी त्या भोकात सुया उलट्या क्रमाने घातल्या असणार. मला इतके दिवस दिसला नाही, त्यांना चष्म्याशिवाय सापडला.

मी विचारलं, तुम्ही वापराल का. लगेचच 'नाही' म्हणाले. माझं तोंड उतरलेलं त्यांना दिसलं असेल, थोड्या वेळाने टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाले, "मागच्या खिशातलं मला नको. गाडीत हात त्यावरच ठेवावा लागायचा, सवय गेली ती. शर्टाच्या खिशातलं लागतं मला." त्यांचा प्लॅस्टिकचा पाउच आहे, रबरबँड लावलेला, त्यात आधार, सिनियर सिटिझनचं कार्ड आणि नोटा. मी म्हटलं तसला पॅटर्न नाहीये माझ्याकडे. "पॅटर्न कशाला," म्हणाले, "माप घे."

पाचशेची नोट १५० बाय ६६ मिमी. मधे एकदा दुमडली की ७५ बाय ६६. कार्ड ८५.६ लांब, म्हणजे आडवं ठेवलं तर रुंदी कार्डावर ठरते. बाबांनी दोरीवरचा शर्ट काढून टेबलवर पसरला, अजून ओलसर होता, मी पट्टी लावली, खिसा आतून रुंदीला ११५ आणि खोलीला १३०. "वर बोटभर मोकळं ठेव," म्हणाले, "नाहीतर वाकल्यावर पडतं." झेरॉक्सवाल्याकडच्या वाया गेलेल्या प्रिंटच्या मागच्या बाजूला मी चौकोन काढला, १०० बाय ७८, त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली, खालच्या दोन कोपऱ्यांना थोडी गोलाई दिली, आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, पाठीचं.