मांडवात मुली कुठं बसायच्या

माझी सगळी नोकरी सातारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, खंडाळा-वाई पट्ट्यातल्या एका हायस्कुलात झाली. त्या सगळ्या वर्षांत जानेवारी महिना कधी निवांत गेला नाही. 3 तारखेला सावित्रीबाई फुल्यांची जयंती, संक्रांतीच्या पुढंमागं माता-पालक मेळावा, मग गॅदरिंग, की लगेच 26 जानेवारीचं संचलन. कार्डावर 'वार्षिक स्नेहसंमेलन व पारितोषिक वितरण समारंभ' असं छापायचे, पण शिपायापासून चेअरमनपर्यंत सगळ्यांच्या तोंडी गॅदरिंगच. गणिताचे सर दरवर्षी चिडायचे, दहावीचा पोर्शन राहिलाय म्हणायचे. आणि दरवर्षी शेलापागोट्यात, म्हणजे नावं घेऊन गमतीचे टोमणे मारायच्या कार्यक्रमात, पहिलं पागोटं त्यांच्याच डोक्यावर बसायचं.

मी नोकरीला लागले तेव्हाच्या गॅदरिंगमध्ये मुलींना काय काम होतं ते सांगते. सकाळी रांगोळी. पाहुणे आले की दारात औक्षण. मग ईशस्तवन आणि स्वागतगीत. पाहुण्यांना गुच्छ द्यायचा तर तबक मुलीनं धरायचं, गुच्छ मुलगा द्यायचा. एवढं झालं की मुलींनी मांडवाच्या डाव्या बाजूला, खांबांच्या मागं जाऊन बसायचं. अंधार पडायला लागला की वडील, चुलते, कुणीतरी बॅटरी घेऊन कंपाउंडपाशी उभे राहत आणि मुली एकेक करून उठून जात. नाटक रात्री जेवणानंतर सुरू व्हायचं. त्यातली बायकांची कामंही पोरंच करायची. आठवीतला एखादा गोरागोमटा पोरगा नऊवारीत अडखळत आला की मांडव डोक्यावर घेतला जायचा. त्याचं लुगडं कुठल्या तरी मुलीच्या आईचं असायचं आणि पोलक्याला टाके मुलींनीच घातलेले. पण नाटक कसं झालं ते मुलींना दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कळायचं.

हे बदललं ते कुणाच्या भाषणानं नाही. शाळेत नव्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, आल्या. त्या मूळच्या विज्ञानाच्या, फारशा बोलक्या नव्हत्या. पहिल्याच वर्षी त्यांनी गॅदरिंगच्या मीटिंगला एस.टी.चं वेळापत्रक आणलं. वाड्यांकडं जाणारी शेवटची गाडी साडेचारला, म्हणून कार्यक्रम सकाळी नऊला सुरू आणि चारला समाप्त. सांस्कृतिक विभागाच्या सरांचा चेहरा उतरला. लायटिंग नाही, मग रंगत काय राहणार? पाहुणे दिवसा मिळणार नाहीत, गावातले लोक रानात असणार, मांडवात ऊन येणार. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मांडववाल्याला वरून दुहेरी कापड टाकायला सांगितलं. त्या वर्षी लायटिंग नव्हतं, पाहुणेही खरंच उशिरा आले. पण नाटकात आईचं काम मुलीनं केलं आणि वाडीवरच्या मुली शेवटच्या 'वंदे मातरम्'पर्यंत जागेवर होत्या.

त्या एस.टी.चं महत्त्व शहरात वाढलेल्या माणसाला पटकन कळत नाही. आमच्याकडं वाड्यांवर झेडपीची शाळा, कुठं चौथीपर्यंत, कुठं सातवीपर्यंत. हायस्कूल पाच-सात किलोमीटरवर. मुलगी सातवी पास झाली की तिथंच गळायची. बाप दुष्ट असायचा असं नाही. फी, वह्या, पास, वाटेतला ओढा, शिवाय धाकट्या भावंडांना कोण बघणार, असा सगळा हिशेब असायचा आणि तो मुलीच्या नावावर फिरायचा. ऐंशीच्या दशकात सरकारनं मुलींना बारावीपर्यंत फी माफ केली. त्याचं कौतुक पेपरात बरंच झालं, आणि ते रास्तच होतं. पण आमच्या वर्गात मुलींची रांग लांबली ती पुढं अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा मोफत पास मिळायला लागल्यावर. फी वर्षातून एकदा भरायची असते, तिकीट रोज काढावं लागतं. जूनमध्ये पासाच्या फॉर्मवर सही-शिक्का घ्यायला मुलींची झुंबड उडायची तेव्हा क्लार्क वैतागायचे, आणि मला मात्र बरं वाटायचं. गॅदरिंगला डाव्या बाजूची जागा पुरेना, तेव्हा मुलींना मधोमध बसवायला लागलं. मांडव तेवढाच होता, म्हणून पोरं खांबांच्या मागं गेली.

3 जानेवारीची गंमत वेगळी. नायगाव आमच्यापासून जवळ. सावित्रीबाई तिथल्या खंडोजी नेवसे पाटलांच्या लेक, जन्म 1831 चा. ते घर आता स्मारक म्हणून जपलंय आणि जयंतीला तिथं सगळ्या महाराष्ट्रातून बायका येतात. आम्ही आठवी-नववीच्या मुली घेऊन जायचो. पहाटेची थंडी, नऊवारी सांभाळत एस.टी.त चढणाऱ्या मुली, कपाळावर आडवं कुंकू, डोक्यावरून पदर, हातात पाटी. एका गाडीत इतक्या सावित्रीबाई, की कंडक्टरनं विचारलं होतं, "यातल्या खऱ्या कोण? त्यांचं तिकीट घेत नाही." मुली इतक्या हसल्या की निम्म्यांचे पदर सुटले.

परत आल्यावर शाळेत कार्यक्रम. त्यात एक प्रसंग ठरलेला: सावित्रीबाई शाळेत निघाल्यात, लोक शेण-चिखल मारतायत, त्या पिशवीतलं दुसरं लुगडं नेसून वर्गात उभ्या राहतात. शेण मारायला पोरं नेहमी हौसेनं तयार असत. मला मात्र हळूहळू त्या प्रसंगाचा कंटाळा यायला लागला. प्रसंग मोठाच आहे, पण या बाईंनी आयुष्यात शेण झेलण्याशिवाय बाकीही बरंच केलं. 1854 साली 'काव्यफुले' हा कवितासंग्रह छापला. फसलेल्या विधवांची बाळंतपणं आपल्या घरात केली आणि त्यातल्याच एकीचं मूल, यशवंत, स्वतःचं म्हणून वाढवलं. जोतीराव 1890 साली गेले तेव्हा टिटवं, म्हणजे मयताच्या पुढं पुरुषानं धरायचं मडकं, स्वतः हातात धरून अंत्ययात्रेच्या पुढं चालल्या. 1897 च्या प्लेगात रोग्यांची सेवा करताना गेल्या.

एका वर्षी नववीच्या मुलींनीच हट्ट धरला, की आम्हाला टिटव्याचा प्रसंग करायचाय. स्टाफरूममध्ये खळबळ. शाळेत मयताचा देखावा? आया काय म्हणतील? आया खरंच म्हणाल्या. दोघी-तिघी तर शाळेत आल्या, "बाई, पोरीच्या हातात मडकं देऊ नका, अजून लग्न व्हायचंय तिचं." मोठ्या बाईंनी त्यांना चहा पाजला आणि तालीम बघायला बसवलं. तालमीत ती मुलगी मडकं धरून चालायला लागली तेव्हा भाऊबंद म्हणून उभी असलेली पोरं हसत होती. त्या आयांपैकी एकीनं त्यांना असं काही फटकारलं, की पुन्हा कुणी दात दाखवले नाहीत. प्रसंग झाला. मडकं फुटायच्या ऐवजी स्टेजवर घरंगळत तबलजीपर्यंत गेलं, ते सोडलं तर उत्तम झाला.

मुक्ता साळवेचा निबंध आमच्याकडं वाचायला लागले ते मराठीच्या एका तरुण सरांमुळं. फुल्यांच्या शाळेत शिकणारी ही मातंग समाजातली मुलगी, मांग-महारांच्या दुःखावर तिनं निबंध लिहिला आणि 1855 साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात तो छापून आला. वय जेमतेम आमच्या आठवी-नववीच्या मुलींएवढं. निबंध मवाळ नाही. पेशवाईत आपल्या माणसांचं काय झालं ते ती स्पष्ट सांगते. शिकायची बंदी करणाऱ्यांना जाब विचारते. तो पहिल्यांदा स्टेजवरून वाचला गेला तेव्हा पुढच्या खुर्च्यांवरच्या काही मंडळींनी टाळ्या वाजवल्या नाहीत. हातातली कार्यक्रमपत्रिका वाचत राहिले. मांडवाबाहेर कंपाउंडला टेकून उभी असलेली माणसं मात्र वाचन संपेपर्यंत आत सरकत आली होती. दुसऱ्या वर्षी कुणीतरी सुचवलं, की त्याऐवजी एखादं प्रेरणागीत घ्या. सरांनी प्रेरणागीतही घेतलं आणि निबंधही ठेवला. कार्यक्रम दहा मिनिटांनी लांबला, एवढंच.

तसं बघितलं तर आपल्या गॅदरिंगची पणजी त्या काळातच सापडते. फुल्यांच्या शाळांच्या परीक्षा पुण्यात जाहीर व्हायच्या, पोरी उत्तरं काय देतात ते ऐकायला लोकांची गर्दी लोटायची. ज्या शहरात मुलीनं अक्षर गिरवलं तर नवरा मरतो असं म्हणणारे होते, तिथं चारचौघांत उभं राहून मुली बोलल्या. त्यापुढं आमच्या मुलींचं स्टेजवर पाय कापणं काहीच नाही, असं मी त्यांना सांगायचे. त्यांना ते पटायचं नाही. पाय कापायचे ते कापायचेच.

माता-पालक मेळाव्याचं मला जरा जास्त सांगायचंय. तो संक्रांतीनंतर ठेवायचा, कारण हळदीकुंकू म्हटलं की आया येतात. घरून परवानगी मिळते, बरी साडी नेसायला मिळते. आल्या की मग त्यांच्याशी हजेरी, अभ्यास, लग्नाची घाई या गोष्टी बोलता यायच्या. युक्ती चांगली होती. पण तिच्यात एक भोक होतं. ज्या मुलींचे वडील वारलेले, त्यांच्या आया यायच्याच नाहीत. आणि नेमक्या त्याच मुली शाळेतून आधी गळणाऱ्या. मोठ्या बाईंनी निरोपाच्या चिठ्ठीतून हळदीकुंकू हा शब्दच काढून टाकला. 'तिळगूळ समारंभ, सर्व मातांनी यावे' असं लिहिलं. तरी त्या आल्या नाहीत. मग पुढच्या वर्षी बाई स्वतः वाडीवर गेल्या, मला बरोबर घेऊन. एक आई दारातच म्हणाली, "आमचं काय काम तिथं?" बाई म्हणाल्या, "वाण वाटायला माणूस कमी पडतंय." ती आली. वाण वाटायला तिलाच उभं केलं. वाण म्हणजे मेथीच्या बियांची पुडी आणि शंभर पानी वही. दोन-तीन बायकांनी तिच्या हातून वाण घेताना मागं बघितलं, सासवा कुठं बसल्यात ते. घेतलं मात्र सगळ्यांनी. ती बाई पुढं दरवर्षी यायची, आणि उशीर झाला तर आम्हालाच बोलायची.

2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पेपरात मोठ्या बातम्या आल्या. तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मेथीच्या पुड्याच आल्या. ठराव हवेतच, मी ठरावाच्या विरोधात नाही. पण तो ठराव पार पाडताना पहिलं वाण कुणीतरी हात पुढं करून घ्यावं लागतं, आणि ती बाई सभेच्या इतिवृत्तात नसते.

स्टेजवरच्या खुर्च्याही बदलल्या. पंचायतीत बायकांना आधी एक तृतीयांश आणि 2011 पासून निम्म्या जागा राखीव झाल्या, तशा सरपंचबाई प्रमुख पाहुण्या म्हणून यायला लागल्या. पहिल्या सरपंचबाई आल्या तेव्हा भाषण त्यांच्या मिस्टरांनी केलं आणि ते आमदारांवर बोलले. दुसऱ्या वर्षी त्या स्वतः उभ्या राहिल्या, दोन वाक्यं बोलल्या. त्यातलं एक मुलींच्या संडासाला पाणी नाही याबद्दल होतं. आमच्या वार्षिक अहवालात ते कधी आलं नव्हतं. महिन्याभरात टाकी बसली.

बक्षिसं वाटताना नाव पुकारायची पद्धतही तेव्हाच बदलली. मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, असं सगळीकडं पुकारतात. मोठ्या बाईंनी त्यात आईचं नाव घालायला सांगितलं. सूत्रसंचालन करणारे सर कुरकुरले, नावं लांबतात म्हणाले. पण पहिल्यांदा माईकवरून आपलं नाव आलं तेव्हा पाठीमागच्या रांगेतली एक बाई चक्क उभी राहिली, आपल्यालाच बोलावलंय समजून. मग लेकीबरोबर तिलाही स्टेजवर घेतलं. पुढं तोच रिवाज पडला आणि कार्यक्रम आणखी लांबला. आता तर 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव वडिलांच्या आधी लिहायचं ठरलंय. ते सर आता निवृत्त आहेत, नाहीतर त्यांना फोन केला असता.

हल्लीची गॅदरिंगं मला फारशी मानवत नाहीत, हे खरं. कोरिओग्राफर बाहेरून येतो, ड्रेसचं भाडं एवढं, की ज्या मुलीला परवडत नाही ती नाचात नसते. शेलापागोटं बंद झालं, कुणाच्या तरी भावना दुखावल्या म्हणून. पण सूत्रसंचालन आता मुलीच करतात आणि कागदात न बघता करतात. त्यामुळं मी बोलावलं की जाते.

अलीकडं माजी विद्यार्थ्यांचे मेळावे सुरू झालेत, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरून ठरतात. फेटे, शाल-श्रीफळ, गुरुजनांचा सत्कार, हजेरी घेऊन "येस सर", सगळं असतं. माझ्या विद्यार्थिनींपैकी एक एस.टी.त कंडक्टर आहे, एक पोलिसात, कितीतरी अंगणवाडीत, एकीची रोपवाटिका आहे. बघून छान वाटतं. मागच्या मेळाव्यात मात्र मी त्यांना विचारलं, सातवीनंतर घरी बसलेल्या तुमच्या मैत्रिणी कुठायत? ग्रुपचं नावच 'दहावीची बॅच', तेव्हा त्या त्यात असणार कशा? त्यातल्या कितीतरी याच पंचक्रोशीत नांदतायत, बाजाराच्या दिवशी भेटतात, लेकींना माझ्याच शाळेत घातलंय त्यांनी. मेळाव्याची वर्गणी काढणारी पोरं जरा घुटमळली, म्हणाली, त्यांची नावं आमच्याकडं नाहीत. नावं मिळतील. वाड्यांवरच्या झेडपी शाळांत जुनी रजिस्टरं आहेत, त्यात दाखला कुठल्या सालात गेला आणि का गेला ते सगळं लिहिलेलं असतं. कंडक्टर झालेल्या मुलीनं ते काम अंगावर घेतलंय. तिचा रूट त्याच वाड्यांवरून जातो.