कोंबडीच्या अंडनलिकेची स्लाइड: अंडं कुठे होतं, ते आधी लिहा

लेयर म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबडीच्या अंडनलिकेचे तुकडे प्रयोगशाळेत पाठवताना वय, जात, लसीकरण सगळं लिहिलं जातं; फक्त कापली तेव्हा अंडं नलिकेत कुठवर आलं होतं, ते राहून जातं. ती नोंद नसेल तर निरोगी मॅग्नमसुद्धा (नलिकेचा अंड्याचा पांढरा भाग बनवणारा भाग) झिजलेला वाटतो.

मॅग्नम हा नलिकेचा सर्वांत लांब भाग, साधारण ३० सेंमी. अंडं इथे जेमतेम तीन तास असतं. ते यायच्या आधी घड्यांमधल्या नळीदार ग्रंथींच्या पेशी इओसिन या रंगद्रव्याने गडद गुलाबी रंगलेल्या कणांनी गच्च भरलेल्या असतात; केंद्रक तळाशी दाबलेलं, ग्रंथीची पोकळी जवळपास दिसतच नाही. अंडं पुढे गेलं की कण विरळ होतात, पेशी बुटक्या होतात, पोकळी उघडी पडते. हा आजार नव्हे, रोजचं काम आहे.

मॅग्नम संपून इस्थमस (कवचाखालचे पातळ पडदे बनवणारा पुढचा भाग) सुरू होतो तिथे ग्रंथी नसलेली काही मिलिमीटरची अर्धपारदर्शक पट्टी असते. ताज्या नलिकेत ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. ती शोधून मगच कापा, नाहीतर दोन भागांचे तुकडे एकमेकांत मिसळतात.

धुवायला सलाइन घ्या. साध्या पाण्यात मॅग्नमचं आतलं अस्तर फुगतं आणि ग्रंथींची रचना बिघडते. तुकडे ३ ते ४ मिमी जाडीचे, ते टिकवायला १० टक्के बफर्ड फॉर्मलिन तुकड्यांच्या किमान दहापट, आणि निदान २४ तास. पक्षी मेल्यावर उशीर झाला तर वरचा थर सीलियांसकट (पेशींवरच्या सूक्ष्म केसांसकट) सुटून येतो आणि आयबीचा, म्हणजे इन्फेक्शियस ब्रॉन्कायटिस या विषाणूजन्य आजाराचा, संशय येतो. फरक ओळखायचा तो थराखाली: आयबीत तिथे सूज आणि लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) जमलेले दिसतात, नुसत्या कुजण्यात ते नसतात.

शेल ग्लँडमध्ये, म्हणजे कवच बनतं त्या भागात, अंडं सुमारे २० तास राहतं. इथे घड्या पानांसारख्या असतात. वरच्या थरात सीलिया असलेल्या पेशींची केंद्रकं पोकळीकडे आणि बिनसीलियांच्या पेशींची तळाकडे, त्यामुळे एकच थर दोन थरांसारखा भासतो. कॅल्शियमचा साठा मात्र इथे शोधू नका. कवच बनताना ते रक्तातून लागेल तसं घेतलं जातं. ईडीएसचा (एग ड्रॉप सिंड्रोम, अंडी घटवणारा विषाणूजन्य आजार) संशय असेल तर या वरच्या थरातल्या पेशींच्या केंद्रकात इन्क्लुजन बॉडी, म्हणजे विषाणूमुळे तयार झालेले पुंजके, शोधायच्या. त्यासाठी नमुना नुकतीच मऊ कवचाची अंडी देऊ लागलेल्या कोंबडीचाच हवा. उशीर केला की बाधित पेशी गळून गेलेल्या असतात आणि स्लाइड निगेटिव्ह येते.

ब्रीडर कळपात (पिल्लांसाठी फलित अंडी घेतात त्या) फर्टिलिटी घसरली असेल तर शेल ग्लँड आणि व्हजायना (नलिकेचा शेवटचा भाग) यांच्या सांध्याचा तुकडा वेगळा घ्या. शुक्राणू साठवणाऱ्या बारीक नळ्या तिथेच असतात. कोंबडा काढल्यावरही दोनेक आठवडे फलित अंडी मिळतात ती यांच्यामुळे. व्हजायनाच्या मध्यावरून घेतलेल्या तुकड्यात जाड स्नायूच दिसेल, नळ्या नाहीत. म्हणून सांध्यावर उभा छेद घ्या आणि एकाच स्लाइडवर न थांबता पुढचे छेदही पाहा.