लेण्याद्री: तासाभराचं काम नव्हे

अष्टविनायकाच्या सहलीवाले जुन्नरजवळच्या लेण्याद्रीला तासभर देतात. तेवढ्यात चढणं, दर्शन आणि धापा टाकत गाडीकडे परतणं एवढंच होतं. संकष्टीला तर तेही नाही. लेणी बघायची असतील तर सहलीवाल्यांकडून अडीच तास मागून घ्या, नाहीतर स्वतःची गाडी आणा.

पायऱ्या २८३ की ३०७, यावर एकमत नाही. दमवतं ते ऊन. लेणी दक्षिणाभिमुख, त्यामुळे हिवाळ्यातही चढताना पाठ भाजते. तिकीटखिडकी उघडताच चढायला लागा. दर्शनाआधी पादत्राणं काढायची असतात आणि दुपारी तापलेल्या दगडावर पाय ठेववत नाही, म्हणून सॅकमध्ये मोजे असू द्या. पाण्याची बाटलीही सॅकच्या आतच. हातात पिशवी दिसली की माकड ती नेणारच. प्रसाद वर न्यायचाच असेल तर तोही आत, चेन लावून.

पायथ्याशी पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे, माणशी २५ रुपये. 'देवाला पैसे कसले?' म्हणून खिडकीशी हुज्जत घालू नका, ते लेण्यांचं आहे. फसगत होते ती डोलीत. भाव जाऊन-येऊन, वर थांबण्यासकट, बसण्याआधी चारचौघांत बोलून घ्या. वर पोचल्यावर 'हे नुसतं चढायचं' असं ऐकलंत, की घासाघीस करायला तुमच्या हातात काही उरत नाही.

इथला गणपती, गिरिजात्मज, बसलाय ते सातवं लेणं, म्हणजे बौद्ध विहार, भिक्खूंचं राहण्याचं ठिकाण. सतरा मीटरहून खोल दालन आणि मध्ये एकही खांब नाही. भिक्खूंच्या २० खोल्या: दोन्ही बाजूंना सात-सात, मागे सहा. मागच्या मधल्या दोन खोल्यांत गणपती. मुळात इथे गाभारा कोरलेलाच नाही, मागे अखंड डोंगर. म्हणून प्रदक्षिणा घालता येत नाही. पुजाऱ्याशी वाद नको.

नव्वद टक्के लोक इथूनच मागे फिरतात. चूक आहे. पूर्वेला लागूनच सहावं लेणं, चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह: आत स्तूप, दोन्हीकडे पाच-पाच खांब, त्यांवर प्राणी, वर कमानदार छत. हे कल्याणच्या सुलसदत्ताचं दान, तसा लेखच कोरलाय. अक्षरं झिजलीत, टॉर्च तिरका धरा. वेळ थोडाच असेल तर दर्शनाची रांग सोडा, पण हे सोडू नका. पश्चिमेचं चौदावंही चैत्यगृहच, मात्र सपाट छताचं; पाय बोलत असतील तर राहू द्या.

जवळचा ओझरचा गणपती, शिवनेरी किल्ला हे सोपं आहे, त्यावर काय लिहायचं. फक्त शिवनेरी त्याच दिवशी नको, उतरताना गुडघे सांगतीलच.