गावच्या घराचं वायरिंग आणि माझं चुकलेलं गणित

गावचं घर जुनं, लाकडी पट्टीवरचं वायरिंग, अर्थिंगचा पत्ताच नाही. म्हटलं सगळंच नवीन करू. वायरमन म्हणाला, "दादा, आधी वायर किती लागते ते काढा." मी टेप घेऊन खोल्यांची लांबी-रुंदी मोजली आणि खुश झालो. चुकलं ना तिथंच, कारण वायर काय जमिनीवरून सरळ जात नाही, ती बोर्डातून वर चढते, छताखालून फिरते आणि परत खाली उतरते.

आता गिझरचंच बघा. डीबीपासून (घरभर वीज वाटणारा मुख्य बोर्ड) दीड मीटर वर, आठ मीटर आडवं, एक मीटर खाली, झाले साडेदहा. दोन्ही टोकांना अर्धा अर्धा मीटर जोडणीला सोडायचा, म्हणजे साडेअकरा. फेज आणि न्यूट्रल धरून २३ मीटर, अर्थिंगची हिरवी वायर वेगळीच! कॉइल असते ९० मीटरची, म्हणजे एकट्या गिझरने पाव कॉइल खाल्ली 😅

दिवे-पंख्याला दीड स्क्वेअर एमएम जाडीची वायर, फ्रिज-मिक्सरच्या पॉइंटला अडीच, गिझर-एसीला चार घेतली, प्रत्येकाची बेरीज वेगळी मांडून वर दहा टक्के जास्त धरले. जिन्याचा टू-वे स्विच (एकच दिवा खालून आणि वरून दोन्हीकडून लावता येतो तो) मात्र मी विसरलोच, त्याला खालच्या-वरच्या बोर्डामध्ये दोन वायरी जास्त ओढाव्या लागतात, मग काय, भर उन्हात परत तालुक्याला चक्कर. आणि हो, ३० मिलीअँपची आरसीसीबी (करंट गळला की लाइन लगेच तोडणारा स्विच) घेतलीच, त्यात काटकसर नाही केली. उरलेली हिरवी वायर सध्या आईने कपडे वाळत घालायला बांधलीय.