लिस्बनची नोंद आणि कात्री लागलेला पासपोर्ट

बाबांचा जन्म १९५७ चा, फोंड्याजवळच्या गावातला. म्हणजे जन्माने पोर्तुगीज. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि पुढच्या मार्चमधल्या नागरिकत्व आदेशाने ते भारतीय ठरले. पोर्तुगीजच राहायचं असेल त्याने महिन्याभरात लिहून द्यायचं होतं. आजोबांनी दिलं नाही. पोर्तुगालने इथलं भारताचं सार्वभौमत्व मानलं ते थेट ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात, पण जुन्या नागरिकांचा हक्क त्यांनी पुसला नाही. पोर्तुगीज नागरिकत्वात मी शिरलो तो त्या फटीतून.

लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात आधी बाबांचा जन्म, मग आईबाबांचं लग्न, मग मी, अशा क्रमाने सगळं चढवायचं. घोळ नावाने घातला. पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीच्या वहीत बाबांच्या नावातला 'श' एक्सने लिहिलाय, आडनावातला 'क' क्यूने. आधारवर एसएच आणि के. माणूस एकच हे पटवायला प्रतिज्ञापत्र, त्याचं भाषांतर, वर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का. त्यात एजंटाने भलत्याच पानाची नक्कल काढली. पाच महिने पाण्यात.

त्या रिकाम्या महिन्यांत फादर मोंतेरोंच्या खटल्याचा निकाल वाचला. त्यांनी १९६२ मध्ये खरंच लिहून दिलं होतं, पोर्तुगीज राहतो म्हणून. मग परवान्याविना राहिल्याबद्दल शिक्षा झाली. गोवा हा लष्करी ताब्यातला प्रदेश, तेव्हा जिनिव्हा करार मला संरक्षण देतो, असं त्यांचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये ते फेटाळलं: जिंकलेला प्रदेश सामील करून घेतला की ताबा संपला, त्याबरोबर ते संरक्षणही. हरले, पण एका बाजूला ठाम उभे राहिले. आमची सगळी धडपड दोन्हीकडे पाय ठेवायची.

ते जमत नाहीच. पोर्तुगालला दुहेरी नागरिकत्व चालतं, आपल्याला नाही. परका पासपोर्ट हाती आला की नागरिकत्व कायद्याचं कलम ९ लागतं आणि भारतीय नागरिकत्व जातं. सरेंडरच्या खिडकीवरच्या बाईंनी माझ्या भारतीय पासपोर्टचा कोपरा कात्रीने कापला, शिक्का मारला आणि तो परत सरकवला. "फेकू नका हं, ओसीआयला लागेल." ओसीआय म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारं कार्ड. त्यावर येणंजाणं मोकळं, मत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

बाबांनी नोंदीच्या पुढे, म्हणजे पासपोर्टपर्यंत, जायला नकार दिला. नुसत्या नोंदीने भारतीयत्व जातं का, यावरून इथे आमदारांवरही तक्रारी झाल्यात, हे मी त्यांना सांगितलं होतं. "बघूया," म्हणाले. पंचायतीच्या मतदानाला त्यांना शाळेपर्यंत गाडीने सोडलं. मी बाहेर माडाखाली थांबलो.