चार माणसे, दोन पलंग

कोल्हापूरच्या माणसाने गोव्याला जाण्यासाठी आधी रात्रभर रेल्वेने मुंबई गाठावी आणि तेथून जहाजात बसून पुन्हा दक्षिणेकडे यावे, हा बेत ऐकून आमच्या गल्लीतल्या मंडळींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी समजू शकतो. आंबोलीचा घाट उतरला की गोवा. सकाळी मिसळ खाऊन निघालेला माणूस दुपारी तेथे जेवायला बसतो. परंतु आमच्या आईचे माहेर वेंगुर्ल्याचे. लहानपणी तिने आगबोटीने मुंबईचा प्रवास केलेला आहे आणि ‘मरायच्या आधी एकदा बोटीत बसायचंय’ हे वाक्य मी इतकी वर्षे ऐकत आलो आहे की, गोवा हे केवळ निमित्त होते.

राजारामपुरीतल्या एजंटाने खोलीचा जो फोटो दाखवला, त्यात एक ऐसपैस दुहेरी पलंग होता, त्यावर सुरकुती नसलेली पांढरी चादर होती आणि चादरीवर टॉवेलच्या घड्या घालून केलेले दोन हंस माना वाकवून बसले होते. खाली लिहिले होते : कमाल प्रवासी चार. मी, सौभाग्यवती, आई आणि आठ वर्षांची मुलगी असे आम्ही नेमके चार. फोटो मोठा करून मी कोपरा न् कोपरा पाहिला, पण हंसांना उठवले तरी दोघांचीच सोय दिसत होती. उरलेल्या दोघांचे काय, असे विचारल्यावर एजंट म्हणाला, “बसतंय की ओ साहेब! काय काळजी करू नकासा.” ‘बसतंय की’ या दोन शब्दांवर आमच्याकडे वडापच्या जीपमध्ये चौदावा माणूसही आत गेलेला आहे, त्यामुळे माझी काळजी तेथूनच खऱ्या अर्थाने सुरू झाली.

झोपण्याच्या जागेबाबत मी मुळातच चिकित्सक आहे आणि त्याचे श्रेय महालक्ष्मी एक्स्प्रेसला द्यावे लागेल. स्लीपरच्या डब्यात बर्थच्या क्रमांकाला आठाने भागावे. बाकी एक किंवा चार उरली तर खालचा, दोन किंवा पाच उरली तर मधला, तीन किंवा सहा उरली तर वरचा, सात उरली तर बाजूचा खालचा आणि काहीच उरले नाही तर बाजूचा वरचा, हे गणित आमच्या घरी पोरासोरांना येते. तिकीट हातात पडताच आई कोठे झोपणार, पिशव्या कोठे जाणार आणि मधला बर्थ रात्री दहाला टाकायचा की समोरच्या काकांना विनंती करून थोडा आधी, हे सारे ठरून जाते. जहाजाच्या खोलीचा क्रमांक असे काही सांगत नाही. त्याच्या सुरुवातीच्या आकड्यावरून मजला कळतो, पुढच्या आकड्यांवरून खोली साधारण कोठे आहे याचा अंदाज येतो. परंतु आत पलंग कसे मांडले आहेत, हे पाहायचे तर त्या मजल्याचा नकाशाच मागवावा लागतो.

नकाशा मागवला. त्यात खोल्यांच्या चिमुकल्या चौकोनांत त्रिकोण, तारे आणि टिंबे होती आणि ही टिंबे म्हणजेच फोटोत न दिसलेली माणसे, हे तळटीप वाचल्यावर ध्यानात आले. एका खुणेचा अर्थ तिसरा बर्थ, दुसरीचा तिसरा व चौथा, आणखी एकीचा अर्थ उघडून पलंग होणारा सोफा. वरचे बर्थ दिवसा भिंतीत किंवा छतात मिटून ठेवलेले असतात आणि रात्री खोलीची व्यवस्था पाहणारा कर्मचारी ते खाली ओढून शिडी लावून जातो. म्हणून फोटोत त्यांचा मागमूस नव्हता. या बर्थना जहाजावर ‘पुलमन’ म्हणतात. जॉर्ज पुलमन हा एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन माणूस जहाजे बांधत नसे, तो आगगाडीचे शयनडबे बांधत असे. मिटणारे बर्थ असलेल्या त्याच्या डब्यांमुळे त्याचे नाव या प्रकाराला चिकटले आणि रुळांवरून समुद्रात उतरले. हे वाचून मला फार बरे वाटले. एवढा खर्च करून आम्ही शेवटी महालक्ष्मीच्याच वरच्या बर्थवर जाणार होतो, फक्त खाली रुळांऐवजी पाणी असणार होते.

पुढची चौकशी त्या दुहेरी पलंगाची. जहाजावरचा दुहेरी पलंग बहुतेक वेळा दोन एकेरी पलंग जोडून केलेला असतो, मधल्या फटीवर जाड गादी किंवा पट्टी घालतात आणि मागणी केल्यास तो पुन्हा वेगळा करून देतात. मात्र काही खोल्यांत वरचे बर्थ उघडायचे असतील तर खालचे पलंग वेगळे, दोन भिंतींना लावूनच ठेवावे लागतात. म्हणजे जोडपलंग पाहून पैसे भरावेत आणि खोलीत गेल्यावर नवरा-बायकोने समोरासमोरच्या भिंतींकडे तोंड करून झोपावे, असाही योग येऊ शकतो. आमच्या बाबतीत तोही नव्हता. आई रात्री दोनदा उठते, म्हणून न्हाणीघराजवळचा खालचा पलंग तिचा. सौभाग्यवतीचे गुडघे कुरकुरतात, म्हणून दुसरा खालचा तिचा. मुलीने ‘वरचा माझा’ अशी घोषणा केलीच होती. लहान मुलांना वरच्या बर्थवर झोपू द्यायचे की नाही याचे प्रत्येक कंपनीचे वयाचे नियम असतात, तेही विचारून घेतले. राहिला मी आणि राहिला दुसरा वरचा बर्थ. माझे घोरणे त्यामुळे थेट छतापासून प्रसृत होणार, हे सौभाग्यवतीने तेवढ्यात सुनावले.

एजंटाने एक स्वस्त पर्यायही पुढे केला : फक्त खोलीचा प्रकार ठरवायचा, नेमकी खोली कंपनी देईल ती घ्यायची. एकट्यादुकट्याला किंवा तरण्या जोडप्याला हे ठीक आहे. आमच्यासारख्यांना मात्र पलंग ठाऊक नसलेली खोली घेणे म्हणजे मुलगा न पाहता साखरपुडा करणे. चौथ्या माणसाबाबत आणखीही एक गोष्ट कळली. खोलीत चार बर्थ असले म्हणून ते चारही विकले जातीलच असे नाही. आणीबाणीत जमण्याच्या प्रत्येक ठिकाणची आणि जीवरक्षक नौकांची माणसांची मर्यादा ठरलेली असते, ती भरली की वरचे बर्थ रिकामे ठेवून खोली दोघांनाच देतात. वडापला हे कोणीतरी सांगायला हवे.

आता प्रश्न उरला मापांचा. आतल्या बाजूची खोली साधारण दीडशे ते पावणेदोनशे चौरस फुटांची असते, असे वाचनात आले. आकडा कागदावर बरा दिसतो. रविवारी सकाळी मी गच्चीवर टेप आणि खडू घेऊन सोळा फूट गुणिले दहा फूट असा चौकोन आखला, त्याच्या एका कोपऱ्यात न्हाणीघर काढले, दोन भिंतींना दोन एकेरी गाद्या टाकल्या आणि शिडीच्या जागी घरातला लाकडी घोडा उभा केला. घोडा बरोबर आईच्या वाटेत आला. दोनदा जागा बदलली, दोन्ही वेळा वाटेतच. शेजारच्या गच्चीवर कुरडया वाळत घालणाऱ्या काकूंनी “नवी खोली काढताय काय ओ?” असे विचारले, तेव्हा “होय, तरंगती” म्हणण्याचा मोह मी आवरला.

आई पायऱ्या चढून वर आली. तिने चपला खडूच्या रेषेबाहेर काढून ठेवल्या आणि ‘दारा’तून आत येऊन आपल्या गादीवर बसली. वेंगुर्ल्याला आगबोट किनाऱ्याला लागत नसे, दूर उभी राही, पडावातून तिथवर जावे लागे आणि वर चढल्यावर ज्याने आधी वळकटी सोडली त्याची जागा, हे तिने गादीवरून हात फिरवत पुन्हा एकदा सांगितले. मग ती आडवी झाली, घटकाभर आभाळाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “डोकं कुठल्या दिशेला येतंय?”

हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता. उत्तरेला डोके करून आई आजवर कधी झोपलेली नाही. मी नकाशा पुन्हा उघडला. काही खोल्यांत पलंग जहाजाच्या लांबीला समांतर असतात, काहींत आडवे. जहाज कुशीवर डोलू लागले की पहिल्या प्रकारात माणूस या कुशीवरून त्या कुशीवर कलतो आणि दुसऱ्यात डोके व पाय आळीपाळीने वर होतात, एवढे मी वाचले होते. आम्ही पाहिलेल्या खोलीत पलंग लांबीला समांतर, उशी नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे. म्हणजे गोव्याला जाताना जहाजाचे तोंड दक्षिणेला आणि आईचे डोकेही दक्षिणेला, येथवर उत्तम. परंतु परतताना जहाज वळणार आणि त्याच्याबरोबर पलंगही.

मी एजंटाला फोन लावला आणि शक्य तितक्या सरळ शब्दांत विचारले. बराच वेळ पलीकडून फक्त पंख्याचा आवाज आला. “साहेब,” शेवटी तो म्हणाला, “हे मी मुंबईला विचारून सांगतो.”

“त्याला कशाला त्रास देतोस?” गादीवर पडल्या पडल्याच आई म्हणाली, “येताना उशी पायथ्याला घेईन.”