आजोबांच्या मागची मोटार

आज नारायण पेठेतल्या घरी आईबरोबर फोटोंची पेटी उघडली. पानशेतच्या पुरातून, १२ जुलै १९६१ च्या त्या पाण्यातून, वाचलेले फोटो मोजून अकरा. कडांना अजून गाळाचा रंग आहे.

एकात आजोबा वाड्याच्या दारात, कडेवर तान्हं बाळ, मागे मोटार. पाठीवर कुणीतरी नंतर लिहिलंय, '१९५१'. बाळ म्हणजे आमचे बाबा आणि मोटार अँबॅसडर, असंच सगळे सांगत आले.

भिंग लावलं. पुढच्या दाराची मूठ चाकाच्या बाजूला! म्हणजे बिजागऱ्या मधल्या खांबावर, दार उलटं उघडणारं. अँबॅसडरचं तसं नाही. ही तर फियाट ११००, आपल्याकडची 'डुक्कर फियाट'. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात बनायची. पण हे मॉडेल जगासमोर आलं तेच १९५३ साली, जिनीव्हाच्या प्रदर्शनात. मग '१९५१' कसं? आणि बाबा तर तोवर चालायला लागले होते.

धाकट्या काकांचा जन्म १९५५ चा. त्यांचा लहानपणीचा एकही फोटो नाही, सगळे पुरात गेले, असं आम्ही धरून चाललो होतो.

लगेच फोन केला. "काका, आजोबांच्या कडेवर तुम्ही आहात."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मोठा करून आण रे. आजच आण."